अकरा घोडे, बारावा आणायचा कुठून?

उज्जैनमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे ८ पर्यंत उतरतो. गाडी तीच, पेट्रोल तेच, मिस्त्रीचा हातही लागलेला नाही. तरी पहाटेच्या गाडीच्या इंजिनात दुपारच्यापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त हवा शिरते, कारण थंड हवा दाट असते. यामाहा आरएक्स १०० ची ताकद ११ हॉर्सपॉवर. म्हणजे कागदावरच्या हिशोबानं सव्वा घोडा नुसत्या थंडीनं दिला. प्रत्यक्षात त्यातला निम्मा पदरात पडला तरी फुकटच की! थंडीत गाडी ‘मस्त पळते’ असं म्हणणाऱ्याला भास होत नसतो.

उलट बाजूही आहे. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचावर आहे, त्यामुळे मुंबईच्या तुलनेत इथली हवा पाच-साडेपाच टक्के विरळ. मुंबईहून बदली होऊन आलेल्या माणसाची गाडी इथं किंचित आळसावते, आणि दोष बिचाऱ्या मालव्याच्या पेट्रोलपंपावर जातो.

जुन्या गाडीची ताकद वाढवणं म्हणजे एवढंच: इंजिनात जास्त हवा घालायची, योग्य वेळी पेटवायची आणि जळलेली झटकन बाहेर काढायची. बाकी स्टिकर.

पन्नास बाय पन्नास

आरएक्स १०० भारतात १९८५ च्या नोव्हेंबरात आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. बंद होऊन तीस वर्षं होत आली तरी महाविद्यालयाच्या फाटकाशी उभी असलेली ही गाडी तिच्या मालकाहून वयानं मोठी आहे, अशी उदाहरणं उज्जैनपासून कोल्हापूरपर्यंत सापडतील. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटरच. गुणाकार केला की ९८ सीसी. गाडीच्या नावातला १०० हा आकडा शिष्टाचार म्हणून.

आता खरी गंमत. पुढं आलेल्या आरएक्स १३५ ची धावही ५० मिलिमीटरच होती. कंपनीनं फक्त व्यास ५० वरून ५८ केला आणि ९८ चे १३२ सीसी झाले. क्रँक तेवढाच फिरतो, पिस्टन तेवढाच वर-खाली जातो; फरक सगळा वरच्या मजल्यावर. हे मिस्त्री मंडळींच्या नजरेत भरायला वेळ लागला नाही. ‘१३५ चा ब्लॉक बसव’ ही देशभरच्या गॅरेजांतली सर्वांत जुनी फर्माईश यातूनच निघाली. वाचायला सोपी, पण खाली क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं, कार्बोरेटर नव्यानं जुळवावा लागतो, आणि आरसी बुकात ९८ सीसी लिहिलेलंच राहतं. त्या शेवटच्या मुद्द्याकडं पुढं येऊच.

‘बोअर करून घेतली, आता गाडी पळेल’ हा दुसरा लोकप्रिय समज. ब्लॉक झिजला की लेथवर तो पाव पाव मिलिमीटरनं घासतात आणि ओव्हरसाइझ पिस्टन टाकतात. चार वेळा बोअर केल्यावर व्यास ५१ होतो. हिशोब करा: ९८ चे १०२ सीसी. चार बोअर, चार सीसी! गाडी सुधारलेली वाटते ती झिजलेल्या रिंगांतून निसटणारी ताकद परत मिळाल्यामुळं. वाढलेल्या आकाराचा त्यात वाटा नगण्य.

कारखान्यानंच लपवलेले घोडे

राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०. एस्कॉर्ट्सनं ती १९८३ मध्ये भारतात आणली, तेव्हा परदेशात ते मॉडेल बंद होऊन वर्षं लोटली होती. जपाननं १९७६ लाच आरडी ४०० काढली होती. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. लुना आणि लॅम्ब्रेटाच्या रस्त्यावर हे म्हणजे लग्नाच्या वरातीत पोलो खेळणारा घोडा सोडणं होतं.

पण मूळ आरडीची ताकद होती ३९ हॉर्सपॉवर. भारतीय आरडी दोन वाणांत मिळाली: हाय टॉर्क ३०.५ ची आणि लो टॉर्क २७ ची. सायलेन्सर आणि पोर्ट यांत फेरफार करून ताकद मुद्दामच उतरवलेली, कारण इथलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न मायलेजचा विचारतं. एवढं करूनही मायलेजवरून ती बदनाम झालीच. पुढची डिस्क ब्रेकही इथं ड्रमवर आली. ताकद काढून घेतली, पण ब्रेक त्याहून जास्त काढून घेतले, हा व्यवहार मला आजतागायत समजलेला नाही. ‘आरडी’चा विस्तार पोरांनी ‘रॅपिड डेथ’ असा केला, त्यात या ड्रमचा वाटा मोठा.

म्हणून आरडीवर काम करणारा जाणकार मिस्त्री ‘ताकद वाढवतो’ असं म्हणत नाही. कारखान्यानं जे बंद केलं ते तो उघडून देतो. पोर्ट म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्या. त्यांच्या कडा एक-दोन मिलिमीटर वर किंवा रुंद केल्या की इंजिनाचा स्वभाव बदलतो. महाकालच्या श्रावणी सोमवारची रांग डोळ्यासमोर आणा: आत येण्याचा दरवाजा दुप्पट केला आणि बाहेरचा तेवढाच ठेवला, तर गाभाऱ्यात काय होईल? पोर्टिंगमध्ये नवशिके नेमकी हीच चूक करतात. आणि एकदा घासलेलं लोखंड परत लावता येत नाही.

सायलेन्सरसाठी देश सोडणारा माणूस

सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली की गाडी जोरात ओरडते, म्हणून जोरात पळते असं वाटतं. टू-स्ट्रोकच्या बाबतीत बहुतेकदा उलटं घडतं: आवाज वाढतो, ताकद घटते. कारण टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा धूर बाहेर टाकणारा नुसता नळ नसून इंजिनाचा अर्धा भाग आहे. ही गोष्ट ज्यानं सिद्ध केली तो माणूस पूर्व जर्मनीतला, वॉल्टर काडेन.

काडेन दुसऱ्या महायुद्धात पेनेम्युंडेच्या शस्त्रसंशोधन केंद्रात होता. युद्धानंतर एमझेड या सरकारी मोटरसायकल कारखान्याची रेसिंग शाखा त्याच्याकडं आली. पैसा नाही, सामान नाही. मग त्यानं ध्वनीलाच कामाला लावलं. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी पुढं रुंद होत गेली तर लाटेतून मागं ओढ परतते आणि ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये खेचलं जातं. त्यानंतर नळी अरुंद होत गेली तर दाब परततो, आणि पोर्ट बंद व्हायच्या आत, बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. ना व्हॉल्व्ह, ना फिरणारा भाग. नुसत्या पत्र्याच्या आकारानं केलेली चलाखी. आरएक्सचा सायलेन्सर मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळता का, याचं उत्तर हेच.

याचं गणित पाटीवर होण्यासारखं आहे. ७,५०० आरपीएमला एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. पोर्ट साधारण निम्मा वेळ उघडा, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला पाचशेएक मीटर. ४ मिलिसेकंदांत लाट २ मीटर जाते. जाऊन परत यायचं म्हणजे नळीची लांबी मीटरभर. आता गाडीच्या सायलेन्सरला टेप लावून बघा.

लाट वेळेवर परतली तर बहार, उशिरा परतली तर पंचाईत. म्हणून असा पाइप ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच काम करतो. खाली गाडी मरगळलेली आणि अमुक आकड्याला एकदम ‘किक’ बसते, त्याचं कारण हे.

१९६१ मध्ये काडेनच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ हॉर्सपॉवर दिले, म्हणजे लिटरला २०० घोडे. बाहेरून हवा न दाबता हा पल्ला गाठणारं ते पहिलं इंजिन मानलं जातं. तुलनेसाठी, आपली आरएक्स लिटरला ११२ घोड्यांच्या हिशोबात बसते. काडेनच्या दराने तिनं साडेएकोणीस द्यायला हवे होते!

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या ग्रांप्रीत एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. शर्यतीत इंजिन फुटलं, आणि डेग्नर परत पूर्व जर्मनीला गेलाच नाही. बायको-मुलांना त्याच सुमारास गुपचूप सीमेपलीकडं काढलेलं होतं. सोबत काडेनची विद्या घेऊन तो सुझुकीकडं गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्यानं सुझुकीला ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. जपानच्या सुझुका ट्रॅकवर आजही त्याच्या नावाचं एक वळण आहे. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिला. नंतरच्या वर्षांत ही विद्या सगळ्या जपानी टू-स्ट्रोकच्या पोटात उतरली, आणि तिथून आपल्याकडच्या आरएक्स, शोगन आणि शाओलिनच्या. एवढा इतिहास ज्या पत्र्यात आहे, त्याला छिन्नी लावून ‘बाटली सायलेन्सर’ करणाऱ्याला काय म्हणावं!

शून्य अंश

भारतीय ज्योतिर्गणितानं रेखांशाचं शून्य उज्जैनमधून मोजलं. सवाई जयसिंहानं इथं वेधशाळा बांधली ती त्यामुळंच. मोडकळीला आलेली ती वेधशाळा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि तिची धुरा गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाकडं आली. अंश आणि क्षण मोजण्यात शहराची हयात गेली आहे. तेव्हा इग्निशन टायमिंगची गोष्ट इथं सांगण्याला औचित्य आहे.

इंजिनाचंही एक शून्य असतं: पिस्टन अगदी वर पोचतो तो बिंदू. ठिणगी मात्र त्याच्या काही अंश आधी टाकावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. ७,५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ४५ अंश फिरतो. ठिणगी उशिरा पडली तर ताकद सायलेन्सरमध्ये जाते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यावर हातोडा बसतो आणि काही किलोमीटरांत त्याला भोक पडतं. जयसिंहाचं जयपूरचं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २ सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं. तेवढ्यात टॉपला असलेल्या आरएक्समध्ये २५० ठिणग्या पडून जातात.

चटाचट

आरएक्सचा पिस्टन ७,५०० ला सेकंदाला २५० वेळा थांबतो आणि दिशा बदलतो. तरी त्याचा सरासरी वेग फक्त ताशी ४५ किलोमीटर. अख्खी गाडी शंभरानं धावते, आतला पिस्टन सिटी बसच्या वेगानं.

आरपीएम ७,५०० वरून ९,००० केले तर वाढ २० टक्के. कनेक्टिंग रॉडवरचा ताण मात्र ४४ टक्के वाढतो, कारण तो वर्गात चढतो.

वारा त्याहून क्रूर, तो घनात वसुली करतो. ताशी १०० वरून ११० वर जायचं तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. अकराचे साडेचौदा घोडे केल्यावर टॉप स्पीड जेमतेम दहानं वाढतं. टाकीवर पोट टेकवून झोपणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय, दिसायला कितीही हास्यास्पद असला तरी.

पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं असेल आणि १३ चं बसवलं, तर पिकअप सात-आठ टक्क्यांनी वाढल्यासारखा होतो आणि टॉप जवळपास तेवढंच उतरतं. ताकद तीळभरही वाढत नाही. पण सिग्नलवर जिंकायचं असेल तर चेनसेटच्या पैशात एवढं समाधान दुसरं नाही.

गाडीचं वजन सुमारे १०० किलो, स्वार ९० चा. स्वारानं २० किलो कमी केले तर परिणाम सव्वा हॉर्सपॉवर वाढवल्याइतकाच. उज्जैनमध्ये सकाळी पोहे-जलेबी आणि रविवारी दाल-बाफले असताना हा उपाय कुणी करेल असं वाटत नाही. १३५ चा ब्लॉक सोपा.

हेड अर्धा मिलिमीटर घासून घेतलं की ज्वलनाची जागा सुमारे १ सीसीनं कमी होते. ऐकायला किरकोळ. पण ती सगळी जागाच जेमतेम एका मोठ्या चमच्याची असते.

प्लग बोलतो

जुन्या मिस्त्रीकडं ताकद मोजणारा डायनो नसतो, प्लगपाना असतो. गाडी पूर्ण रेसवर पळवायची, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करायचं, प्लग काढून रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, आणि पिस्टन सीज व्हायच्या वाटेवर. एअर फिल्टर काढून फनेल लावणाऱ्यांनी आणि नवा पाइप बसवणाऱ्यांनी कार्बोरेटरचा मेन जेट न बदलता गाडी ताणली की हा पांढरा रंग ठरलेला. “भिया, जेट बदलवा लो,” असं मिस्त्री म्हणत असेल तर तो गल्ला भरायला म्हणत नाहीये.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलच्या वजनातला तिसरा हिस्सा ऑक्सिजनचा. म्हणजे फनेल न लावताही मिश्रण थोडं पातळ झालंच. लिटरमागची ऊर्जाही सहा-सात टक्क्यांनी कमी. इथेनॉलची ठोका सहन करण्याची क्षमता चांगली, त्यामुळं कॉम्प्रेशन वाढवणाऱ्याला आतून आनंद व्हायला हरकत नाही. पण ऐंशीच्या दशकातले रबरी नळ आणि सील ते पचवतीलच असं नाही. आरएक्स पिढीच्या गाडीला आज पहिली गरज असते ती एका जेटची आणि नव्या पेट्रोलनळीची, पाइप त्यानंतर.

फोर-स्ट्रोकवाले

२००३ ची हीरो होंडा करिझ्मा: २२३ सीसी, १७ हॉर्सपॉवर. २००८ ची यामाहा आर१५: १४९.८ सीसी, ताकद तेवढीच. दीडपट मोठं इंजिन बरोबरीत सुटतं, कारण आर१५ ला चार व्हॉल्व्ह, पाण्याचं कूलिंग आणि दीड हजार आरपीएम जास्त. करिझ्माचं इंजिन होंडाच्या सीआरएफ २३० या रानवाटांच्या गाडीच्या घराण्यातलं. घाई तिच्या रक्तात नाही. तिच्यात कॅमशाफ्ट आणि हेडचं काम करणारे म्हणूनच खूष असतात, सुधारायला जागा भरपूर.

त्याहून मजेदार आकुर्डीच्या बजाजचं. पल्सर २२० ही २००७ मध्ये फ्युएल इंजेक्शन घेऊन आली, ताकद सुमारे २० पीएस. २००९ मध्ये कंपनीनं इंजेक्शन काढून कार्बोरेटर लावला, किंमत उतरवली, आणि ताकद भरली २१! कार्बोरेटरला म्हातारा म्हणणाऱ्यांची त्या वर्षी बोलती बंद झाली.

आणि इंदूरजवळचं पिथमपूर विसरता येत नाही. फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तिथं बनायची. तीही टू-स्ट्रोक, तीही ९८ सीसीची. आरएक्सचे ११ घोडे तर तिचे आठाच्या आतच. सीसी सारखे असून तीन घोडे कुठं गेले? शांत सायलेन्सर, कमी आरपीएम आणि आपोआप बदलणारा पट्टा यांत. त्या बदल्यात बटण दाबलं की ती चालू व्हायची आणि साडी नेसलेल्या बाई ती निवांत चालवायच्या. वाईट सौदा नव्हे.

पाच हजार दर बदलामागे

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ब्लॉक, कार्बोरेटर आणि पाइप अशी बेरीज केली तर गाडीच्या सामानापेक्षा दंड महाग पडेल. गाडीच्या आवाजालाही मर्यादा आहे: ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलला ७७ डेसिबल, त्यावर ८०. पोलिसांनी जप्त सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतातच. गर्दीत कुणाचा तरी पाइप बघून ‘अरेरे’ म्हणणारा एखादा असतोच.

मग पळवायची कुठं? उत्तर उज्जैनहून इंदूरमार्गे दोनेक तासांवर, त्याच पिथमपुरात आहे. नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र तिथं हजार एकरांत पसरलं आहे. त्याचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झाला, तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब असल्याचं जाहीर झालं. त्याची वळणं अशी कलती बांधलीत की ताशी २५० ला गाडी आपण होऊन वळण घेते, स्टिअरिंगवर जोर द्यावा लागत नाही; कमाल मर्यादा ३७५. हा ट्रॅक कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, पोरांच्या पैजांसाठी नाही. तरी हिशोब करायला पैसे पडत नाहीत: मूळ आरएक्स १०० ताशी शंभरानं त्याचा एक फेरा मारायला ६ मिनिटं ४७ सेकंद घेईल. साडेचौदा घोड्यांची, ११० नं धावणारी, ६ मिनिटं १० सेकंद. सगळा खटाटोप त्या ३७ सेकंदांसाठी, आणि ज्यांना तो करायचाय त्यांना हे आकडे सांगून काही उपयोग नाही. ते आत्ता पोर्टच्या कडेवर कानस फिरवत असतील.